गल्लीच्या तुकड्याची घाई

रोम शहराचा संगमरवरात कोरलेला भलामोठा नकाशा भिंतीवरून निखळून फुटला, त्याला शेकडो वर्षं लोटली होती. एक अभ्यासक बाई त्याचे तुकडे खणात ठेवून रोज एकमेकांशी जुळवून पाहत. त्यांतल्या एका तुकड्यावर नुसती गल्ली होती, आणि त्याला घटकाभरही चैन पडत नसे.

“मी नकाशातल्या त्या मोठ्या नाट्यगृहाचाच भाग आहे,” तो शेजारच्या म्हाताऱ्या तुकड्याला म्हणाला. “फक्त हा माझा कोपरा आड येतोय.”

“कोपऱ्याला धक्का लावू नकोस, बाबा,” म्हातारा म्हणाला. “तुझा जोडीदार सापडेल. थोडा थांब.”

“अजून किती थांबू?”

बाईंनी खण ओढला की तो मुद्दाम कोपरा घासून घेई. शेवटी कोपरा झिजला, पण नाट्यगृहाच्या रेघा काही त्याच्याशी जुळल्या नाहीत.

एके सकाळी नदीकाठच्या मातीत आणखी एक तुकडा सापडला. बाईंनी दोघांना जवळ आणलं. गल्लीला गल्ली मिळाली, मात्र एका टोकाला बोटभर फट राहिली.

“माझ्या कडेवर अर्धं दार आहे,” नवा तुकडा आनंदाने म्हणाला. “उरलेलं तुझ्याकडेच असणार ना?”

“होतं,” गल्लीचा तुकडा म्हणाला, “मी घासून टाकलेल्या त्या कोपऱ्यावर.”