कवडीसमोरचं बसणं

“…अन् पिल्लाच्या आदुगर हिरवं पाणी आलं, तर?”

“तर धोका,” निकुंभ म्हणाले. “वार आधीच सुटली असं समजायचं. आतल्या पिल्लाचा श्वास कोंडतो.”

“जोराच्या कळा हायती, अर्धा तास झाला, अन् पिल्लू न्हाई?”

“पिल्लू अडलं.”

“बरं…” गिरजाअक्का म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

निकुंभांना वाटलं, आता शाबासकी मिळेल. अक्का नुसत्या दमल्या होत्या.

तीन दिवस अंगात ताप होता. त्यात उजाडल्यापासून दाराशी माणसं. कुणाची सून नांदत नाही, कुणाला झोप लागत नाही, कुणाला देव भेटत नाही. उत्तर मात्र प्रत्येकाला अक्कांच्याच तोंडून हवं. अक्कांना विचारायला कुणाला सवडच नव्हती की बाई, तुझं बरं आहे ना.

तांबखडीच्या टेकडीवरचा हा मठ म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक धुनी आणि खाली गावात उतरणाऱ्या दोनशे दहा पायऱ्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सात वर्षांत अक्का त्या पायऱ्या उतरल्या नव्हत्या.

त्यांच्या पायाशी कवडी नावाची मांजर होती. अंगावर ठिपके, वय जेमतेम वर्षाचं, आणि पहिलंच बाळंतपण. गेल्या वर्षी हिची आई सरपणाच्या ढिगामागे व्यायला गेली आणि दुसऱ्या दिवशी तिथंच मेलेली सापडली. अक्का त्यावर कधी बोलल्या नाहीत. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता, एवढंच.

कवडीनं कालपासून खाणं टाकलं होतं. आचळं गुलाबी होऊन फुगली होती. कान हाताला गार लागत होते. सकाळी तिनं अक्कांच्या जुन्या वाकळीच्या चिंध्या ओढून पाटीत नेल्या, त्या पायांनी तुडवल्या, आणि त्यावर गोल फिरून बसली.

“आज व्यायची ही,” अक्का म्हणाल्या. “मास्तर, आज तुमचं बसणं हिच्याम्होरं.”

निकुंभांच्या अंगावर काटा आला. तीन वर्षं ते या वाक्याची वाट बघत होते.

*

बसणं ही त्या मठाची रीत होती.

अनुग्रह घ्यायला आलेल्याला अक्का एक गोणपाट द्यायच्या आणि कशासमोर तरी बसवायच्या. एकाला विहिरीसमोर, एकाला चुलीसमोर. बसलेल्यानं फक्त बघायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, अक्का सांगेपर्यंत उठायचं नाही. संध्याकाळी काय पाहिलं ते सांगायचं. मग अक्का कपाळाला अंगारा लावायच्या, आणि तो माणूस मठाचा व्हायचा.

या बसण्याच्या गोष्टी मठात कौतुकानं सांगितल्या जात. एक निवृत्त तलाठी चुलीवरच्या दुधासमोर बसले होते. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, खोलीभर धूर झाला, पण तलाठी जागचे हलले नाहीत. अक्कांनी पातेल्याकडे पाहिलं, तलाठ्यांकडे पाहिलं, आणि काही न बोलता अंगारा लावला.

भालचंद्र निकुंभांनी ही गोष्ट वहीत लिहून ठेवली होती. बारा वर्षं ते एका मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक होते. नोकरीत असताना हजेरीपटात कधी खाडाखोड केली नाही, असं ते स्वतःच सांगत. अक्कांच्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य त्यांच्याकडे तारखेनिशी होतं. त्यांना मनातून एकच हवं होतं. अक्का आता थकल्या. अंगारा लागला की दाराशी आलेल्यांना उत्तरं द्यायला आपण बसायचं.

ते चूक नव्हतं. उत्तरं त्यांना खरंच येत होती.

*

ते पाटीसमोर गोणपाटावर बसले. अक्का आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या आणि त्यांना ग्लानी आली.

निकुंभांनी मनगटावरचं घड्याळ सैल केलं, वही मांडीवर घेतली.

नऊ वाजून पाच. धाप. घुरघुर. मागची बाजू चाटते आहे.

नऊ चाळीस. उठली, फिरली, परत बसली.

दहा वाजून दहा. पहिली जोराची कळ.

कळ आली की कवडीचं सगळं अंग ताणलं जाई आणि पोट लाटेसारखं मागे सरके. निकुंभ श्वास रोखून बघत. इतकं एकाग्र आपण जन्मात कधी झालो नव्हतो, असं त्यांना वाटलं आणि बरं वाटलं.

दहा चाळीस. अर्धा तास. पिल्लू नाही.

पेन्सिल क्षणभर थांबली.

त्यांच्या मनात आलं, उठावं. मग आलं, हीच ती परीक्षा. दूध उतू जाताना तलाठ्यांच्याही मनात हेच आलं असेल. जो उठला तो संपला… त्यांनी पाठ ताठ केली.

दहा पंचावन्न. हिरवट पाणी.

त्याखाली त्यांनी रेघ ओढली. एक नाही, दोन.

आतल्या खोलीचं दार पाच पावलांवर होतं. हाक मारली असती तरी पुरे होतं. पण बोलायचं नाही, हाही नियमच होता.

मग कवडी पाटीतून बाहेर आली. मागचे पाय फरफटत, पोट जमिनीला घासत ती निकुंभांपर्यंत आली. त्यांच्या गुडघ्यावर तिनं एक पाय ठेवला आणि वर बघून ओरडली. अगदी बारीक आवाजात, एकदाच.

निकुंभांनी गुडघा आत ओढून घेतला.

तिनं थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग ती तिथंच फरशीवर आडवी झाली.

अकरा वीस. कळा थांबल्या. शांत.

हा ‘शांत’ शब्द लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्या बसण्याचा हा गुण, असं त्यांना मनापासून वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण ते खरं आहे.

*

पावणेबाराला भिंतीचा आधार घेत अक्का बाहेर आल्या.

त्यांनी मांजरीकडे पाहिलं. हिरव्या डागाकडे पाहिलं. खाली वाकून कवडीची हिरडी बोटानं दाबून पाहिली. हिरडी पांढरी पडली होती आणि पांढरीच राहिली.

“कवाधरनं?”

निकुंभांनी वही पुढे केली. बोलायची परवानगी अजून मिळाली नव्हती.

अक्कांनी वही घेतली नाही. त्यांनी वाकळीची चिंधी उचलली, त्यात कवडीला गुंडाळलं, पदराची झोळी करून तिला छातीशी धरलं, आणि त्या दाराकडे निघाल्या.

दार ओलांडलं. अंगण ओलांडलं. पायऱ्यांपाशी पोचल्या.

निकुंभ गोणपाटावरून बघत होते. आणि माणूस काय बोलून जातो ते बघा.

“अक्का,” त्यांनी हाक मारली, “मी उठू का?”

अक्का थांबल्या नाहीत.

पहिली पायरी. दुसरी. एका हातानं कठडा, एका हातात मांजर. तोंडातून प्रत्येक पायरीला एक कण्हणं. सात वर्षं न उतरलेली बाई भर उन्हात, अंगात ताप घेऊन उतरत होती.

सोळाव्या पायरीवर गुडघा वळला आणि त्या बसल्याच. मांजर मात्र त्यांनी वरच्या वर धरून ठेवली होती.

पडल्याचा तो आवाज ऐकला, तेव्हा निकुंभ धावले.

“आणा इकडं, अक्का. मी नेतो.”

अक्कांनी झोळी त्यांच्या हातांत दिली. कवडी वजनाला काहीच नव्हती. तिचं काळीज मात्र तळहाताला लागत होतं, अगदी भराभर. सकाळपासून बघितलेल्या एवढ्या खुणांत ही एक खूण त्यांच्या वहीत नव्हती, कारण ती हात लावल्याशिवाय कळत नाही.

ते एकशे चौऱ्याण्णव पायऱ्या कसे उतरले, ते त्यांना पुढं कधी आठवलं नाही.

*

गुरांचा दवाखाना पायथ्याशीच होता. डॉक्टरीणबाई बागवान एका शेळीला सलाइन लावत होत्या. झोळी उघडताच त्यांनी शेळी शिपायाच्या हवाली केली.

“कळा कधी सुरू झाल्या?”

“दहा वाजून दहा मिनिटांनी.”

“हिरवं पाणी?”

“दहा पंचावन्न.”

“कळा थांबल्या कधी?”

“अकरा वीस.”

बाई हातमोजे चढवत होत्या. त्या थांबल्या. इतका नेमका तपशील घेऊन त्यांच्याकडे आजवर कुणी आलं नसावं.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मीच बघितलं.”

“म्हणजे दहा पंचावन्नला तुम्ही कुठं होता?”

“तिच्यासमोरच,” निकुंभ म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कवडीला घेऊन त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

*

अक्का पायऱ्या बसत-सरकत उतरल्या. खालच्या वळणावर दोन बायकांनी त्यांना पाहिलं आणि खांद्याला धरून दवाखान्याच्या ओट्यावर आणून बसवलं. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

निकुंभ उभेच होते. अक्कांनी शेजारची जागा हातानं झाडली, तरी ते बसले नाहीत.

दीड तासानं दार उघडलं.

“पोट उघडावं लागलं,” बाई म्हणाल्या. “पहिलं पिल्लू वाटेत आडवं झालं होतं. ते गेलं. त्याच्यामागचंही गेलं. तिसरं जिवंत आहे. आई अजून शुद्धीवर नाही. जगेल असं वाटतं, पण आज काही सांगत नाही.” त्या जरा घुटमळल्या. “तासभर आधी आणली असती, तर तिन्ही हाती लागली असती.”

त्यांनी ओट्यावर एक कागदी खोका ठेवला आणि त्या आत गेल्या.

खोक्यात ती गेलेली दोन पिल्लं होती. एक पूर्ण ठिपक्यांचं. दुसरं पांढरं, शेपटीचं टोक तेवढं काळं. दोघांचे डोळे मिटलेले, जसे सगळ्याच पिल्लांचे असतात.

निकुंभांनी एक बोट पुढे केलं आणि पांढऱ्या पिल्लाच्या पाठीवरून फिरवलं. पाठ अजून ओली होती.

मग चाळीस वर्षं पोरांना न रडण्याबद्दल सांगत आलेला तो माणूस दवाखान्याच्या ओट्यापाशी उभ्याउभ्या रडला.

अक्का समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. एक एसटी आली, थांबली, गेली. धूळ खाली बसायला वेळ लागला.

“अक्का…”

“हं.”

“मला सगळं येत होतं. सकाळी तुम्ही विचारलंत, ते सगळं.”

“व्हय. आलं की.”

“एकही खूण माझ्या नजरेतून सुटली नाही.”

“न्हाई सुटली.”

“उठायचं नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं.”

“मीच.”

निकुंभांचा आवाज चिरकला. त्यात राग होता, आणि तो त्यांना लपवताही आला नाही.

“मी तुमचा शब्द पाळला, अक्का. तलाठ्यांनी पाळला, त्यांना तुम्ही अंगारा लावलात. जो जो बसला, त्याला लावलात. मग ही दोन पिल्लं कुणाच्या खाती? माझ्या की तुमच्या?”

अक्कांनी खोका ओढून मांडीवर घेतला. पदराच्या टोकानं त्या ठिपक्यांचं पिल्लू पुसू लागल्या, जिवंत पिल्लाला पुसावं तसं. आधी तोंड, मग पोट, मग पाय. ते झाल्यावर दुसरं घेतलं.

मग दोन्ही पिल्लं त्यांनी खोक्यात शेजारी शेजारी निजवली.

“तीस वर्सं मानसं बसवतीया, मास्तर…” अक्का म्हणाल्या. “एकबी उठला न्हाई.”