लेप कोणी लावला?

"लेप कोणी लावला?"

केवळनाथबाबा अजून मठाच्या शेवटच्या पायरीवरच होते. काठी टेकली, धाप आवरली आणि आत येण्याआधीच विचारलं.

निरंजन सहाण धूत होता. "मी, बाबा," तो म्हणाला. आवाजात थोडी फुशारकी होती.

"कोणाला?"

"आत्ता गेल्या त्या गयाबाईंना. नवरा घेऊन आला होता. महिनाभर डोकं दुखतंय म्हणे."

"त्यांची जीप मला खाली वळणावर भेटली. खिडकीतून बाईचं कपाळ तेवढं दिसलं. लेप फार सरळ होता."

निरंजनला ते कौतुक वाटलं. तो हसला.

बाबा हसले नाहीत.

मी तेव्हा मठात स्वयंपाकाला होतो. ओसरीवर भाजी निवडत बसलो होतो आणि सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. माझाही त्यात वाटा आहे. तो पुढे येईल, लपवणार नाही.

आमच्या मठाची ख्याती डोकेदुखीसाठी. टेकडी चढून लोक येत ते देवापेक्षा बाबांच्या सुंठेसाठी. सुंठ कोणाच्याही घरात असते, सहाणही असते, पण लोकांना वाटायचं की बाबांच्या हाताला गुण आहे. गंमत अशी की बाबा कोणाच्या कपाळाला हातच लावत नसत. सुंठ उगाळायची, वाटीत काढायची, वाटी समोरच्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "जिथे दुखतं तिथे लावा."

मग ते बघत बसायचे.

संन्यास घेण्याआधी बाबांनी बावीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात, मेंदूच्या वॉर्डात, वॉर्डबॉयचं काम केलं होतं. डॉक्टर यायच्या आधी खाटेवरचा माणूस डोक्याला हात कसा लावतो, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की बोट कुठे जातं त्यावरून त्यांना बरंच कळायचं. एक शिक्षिका यायच्या, त्यांचा लेप नेहमी अर्ध्याच कपाळावर, त्या अर्ध्याची रेघ जणू आखलेली. अर्धशिशी. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाचं बोट भुवईवरून निघून मानेपर्यंत गोल फिरलं, फेटा बांधावा तसं. त्याला बाबांनी औषधाचं काही विचारलंच नाही, झोप किती लागते ते विचारलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कानशिलाला लेप लावला तेव्हा बाबांनी विचारलं, भाकरी चावताना जबडा भरून येतो का, दिसायला कमी झालंय का? आणि चहाही न पाजता त्यांना त्याच दिवशी शहरात धाडलं. त्यांचा डोळा वाचला.

एक तरुण मात्र वाटी हातात घेऊन नुसताच बसला. बोट लेपात, पण कपाळावर जागा सापडेना. दहा मिनिटं... पंधरा मिनिटं... मग तो रडायला लागला. बाबा त्याच्याजवळ दुपारभर बसले, संध्याकाळी स्वतः तालुक्याला घेऊन गेले आणि मनाच्या डॉक्टरांच्या दारात उभं करूनच परतले.

लेपाने बरं वाटायचं, नाही असं नाही. पण लेप हे औषध नव्हतं. हे मठात सगळ्यांना ठाऊक होतं. निरंजनला तर सगळ्यांत जास्त ठाऊक असायला हवं होतं.

निरंजन बाबांचा शिष्य, सुंठ उगाळायचं काम त्याच्याकडे; मानसशास्त्रात एम.ए. पहिला आलेला. वागायला गोड, कामाला वाघ, आणि स्वतःच्या हुशारीवर त्याचा स्वतःचाच फार जीव. येणाऱ्याला दोन प्रश्न विचारून तो ठरवून टाकायचा, हे मनाचं, हे मेंदूचं. बहुतेकदा बरोबर ठरायचा. तीच पंचाईत होती.

त्या सकाळी बाबा खालच्या गावात गेले होते. गयाबाई आणि त्यांचे मालक लिंबाजी जीपने आले. बाई पन्नाशीच्या, पदर पुढे ओढलेला. बोलताना मध्येच थांबायच्या, शब्द शोधायच्या. निरंजनने विचारलं, घरात काही घडलंय का? लिंबाजींनी सांगितलं की चैत्रात हिचा भाऊ गेला, पाठचा एकुलता एक.

"तेव्हापासून तिचं ध्यानच नाही कामात, महाराज," ते म्हणाले. "हातातून भांडे पडायलेत."

निरंजनने मान डोलावली. मग तो बाईंशी बोलला, आणि खरं सांगतो, फार सुंदर बोलला. रडू दाबलं की ते डोक्यात चढतं, असं काहीसं म्हणाला. बाई रडल्या. माझेही डोळे भरून आले. रडून झाल्यावर, हलकं वाटतंय, असं त्या म्हणाल्यासुद्धा.

हे सगळं निरंजनने बाबांना सांगितलं. बाबा ऐकत उभे होते, काठी तशीच हातात.

"मग वाटी दिलीस?"

"दिली ना."

"तिचं बोट कुठे गेलं?"

"बोट..." निरंजन अडखळला. "तसं झालं नाही, बाबा. वाटी मी पुढे केली, पण..."

"पण काय?"

"त्यांनी डावा हात पुढे केला."

बाबा एक पाऊल जवळ आले.

"मठातली वस्तू म्हणजे प्रसाद. डाव्या हाताने कशी द्यायची? मी रागावलो नाही, बाबा. नुसतं म्हणालो, मावशी, उजवा. त्या ओशाळल्या. हात पदराखाली घेतला. मला वाटलं, दुःखात माणसाला भान राहत नाही. म्हणून मीच लावला लेप."

"आणि उजवा हात?"

"मांडीवर होता."

"पूर्ण वेळ?"

निरंजनच्या हातातली सहाण तशीच राहिली. पाणी ठिबकत होतं.

"नमस्कार कसा केला तिने?"

"डोकं... नुसतं डोकं टेकलं." त्याचा आवाज खाली आला होता. "बाबा, भांडी पडतात असं म्हणाले होते ते."

"कोणत्या हातातून, विचारलंस?"

टेकडीवर मोबाईलला रेंज नसायची. खाली फाट्यावरच्या चहावाल्याकडे जीपवाल्याचा नंबर होता. बाबांनी काठीने खाली जाणारी वाट दाखवली, एवढंच. निरंजन अनवाणी धावला. दोनशे ऐंशी पायऱ्या तो कसा उतरला कोण जाणे. परत आला तेव्हा अंगठा फुटला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

जीप बारा किलोमीटर पुढे गेलेली. फोन लागला. बाबांचा निरोप असल्यामुळे लिंबाजींनी वाद घातला नाही, जीप तशीच जिल्ह्याच्या इस्पितळाकडे वळवली.

मग वाट बघणं आलं.

निरंजन जेवला नाही. मीही पोळ्या लाटल्या आणि झाकून ठेवल्या. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायलाच हवं. डावा हात मीही पाहिला होता. बाईंनी तो पुढे केला तेव्हा मी भाजी निवडता निवडता मनात म्हणालो होतो, काय ही रीत. एवढंच म्हणालो आणि पुढची जुडी घेतली. ते आठवलं की आजही मला लाज वाटते.

दिवेलागणीला चहावाला स्वतः वर आला. बाईंच्या कवटीखाली रक्त साकळलं होतं. महिना-दीड महिन्यापूर्वी गोठ्याच्या चौकटीवर डोकं आपटलेलं. टेंगूळ दोन दिवसांत बसलं म्हणून घरात सगळे विसरून गेले. आत मात्र थेंब थेंब साठत राहिलं होतं. ऑपरेशनला घेतलं होतं. जगतील असं डॉक्टर म्हणत होते, उजव्या हाताचं नक्की सांगत नव्हते.

निरंजन भिंतीला टेकून खाली बसला.

"माझं निदान चुकलं, बाबा."

"भावाचं दुःख नव्हतं का तिला?"

"होतं."

"मग चुकलं कुठे?"

"पण आत रक्त..."

"तेही होतं."

निरंजनने वर पाहिलं.

"तुला जे सापडलं ते खरंच होतं," बाबा म्हणाले. "म्हणून तर तू पुढे बघितलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सहाण त्याच्यापुढून उचलली. आता सुंठ रंगनाथ उगाळेल, असं त्यांनी सांगितलं. रंगनाथ म्हणजे मी. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाबा, डावा हात मीही पाहिला होता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मग दोघंही नको."

तेव्हापासून बाबा स्वतः उगाळू लागले. त्र्याहत्तर वर्षांचं मनगट. चार फेरे दिले की थांबायचे, पुन्हा चार. निरंजनला त्यांनी एकच काम दिलं होतं, शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही.

त्याच आठवड्यात निरंजनचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्यापासून, दोन्ही भुवयांच्या मध्ये. तीन दिवस त्याने सांगितलं नाही. चौथ्या दिवशी बाबांपुढे येऊन बसला.

"हे मनाचं असेल का, बाबा? की खरंच काही..."

"मनाचं खरं नसतं का?"

बाबांनी त्याला आधी तालुक्याला पाठवलं. डोळे तपासले, रक्तदाब पाहिला, डॉक्टरांनी काय काय विचारलं, सगळं ठीक निघालं. परत आल्यावर बाबांनी त्याच्यासाठी सुंठ उगाळली आणि वाटी समोर ठेवली.

"जिथे दुखतं तिथे लाव."

निरंजनने बोट बुडवलं. कपाळापर्यंत नेलं... आणि तसंच खाली आणलं. पुन्हा नेलं, पुन्हा खाली. शेवटी बोट पंच्याला पुसून तो उठून गेला. वाटीतला लेप वाळला. ती वाटी मी घासली, म्हणून मला माहीत.

दिवस जात राहिले. लोक येत, वाटी घेत, लेप लावत. निरंजन बघत बसायचा. आधी त्याची नजर माणसाच्या तोंडावर असायची, पुढचा प्रश्न तयार ठेवून. हळूहळू ती खाली आली. वाटी कोण कशी धरतो, पदर कोणत्या हाताने सावरतो, चपला घालताना कोण भिंत धरतो, ते तो बघू लागला. मला ते दिसत होतं. बाबांनाही दिसत असणार. पण त्यांनी सहाणेचं नाव काढलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जीप आली.

लिंबाजी आधी उतरले, मग त्यांनी गयाबाईंना उतरवलं. डोक्यावर पदर, पदराखाली केस अजून आखूड. पायऱ्या त्या एकेक करून चढल्या. बोलणं सुधारलं होतं. उजवा हात हलत होता, पण त्यात धरायची ताकद आली नव्हती. येईल, वेळ लागेल, असं त्यांनीच सांगितलं. भावाचा विषय निघाला तेव्हा त्या पुन्हा रडल्या. डोकं कधीकधी अजून दुखतं, म्हणाल्या, पण आता कोणतं दुखतंय ते मला कळतं.

बाबा हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मग बाईंनी पिशवीतून साखरेची पुडी काढली. मठात वाटायला आणलेली. पुडी डाव्या हातात होती. समोर निरंजन बसलेला. त्यांनी हात पुढे केला आणि त्यांना ते सगळं आठवलं असावं, कारण हात मध्येच थांबला. चेहरा उतरला.

"अहो," त्या मालकांना म्हणाल्या, "तुम्हीच द्या. माझा हा डावा..."

निरंजनने सवयीने उजवा हात पुढे केला होता. तो त्याने मागे घेतला. मांडीवर ठेवला.

आणि डावा हात पुढे केला.

बाई बघत राहिल्या. लिंबाजी बघत राहिले. मी जन्मात कधी मठात कोणाला प्रसाद डाव्या हाताने घेताना पाहिलं नव्हतं.

बाईंनी पुडी त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवली. त्याने ती पुडी कपाळाला लावली, डाव्याच हाताने.

खाली जीपवाल्याने एकदा हॉर्न दिला.

बाबांनी उपरण्याने मनगट चोळलं.

"निरंजन," ते म्हणाले, "सहाण त्या कोपऱ्यात आहे."