वेशीवरचा वाईटबोल

एका राज्यात चुली विझल्या होत्या. एखाद्या घरच्या नव्हेत, साऱ्या राज्याच्या. गारगोटीवर गारगोटी आपटून हात सोलले तरी ठिणगी पडत नसे. लोक भिजवलेले धान्य खात, कच्चे कंद चावत, आणि थंडीत एकमेकांना बिलगून बसत. म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे आधी गेली. त्यांना द्यायलाही अग्नी नव्हता, म्हणून त्यांना मातीत पुरले.

हे कसे झाले म्हणाल, तर त्या लोकांच्या एका रीतीमुळे. भलतीच रीत होती बघा! कोणतेही काम सुरू करायचे, विहीर खणायची, वऱ्हाड न्यायचे, मोहिमेवर निघायचे, की त्या कामाचा जो म्होरक्या असेल त्याने वेशीवर उभे राहून त्या कामातले वाईटात वाईट काय होईल ते मोठ्याने बोलायचे. बाकीच्यांनी माना खाली घालून उत्तर द्यायचे, ‘बोललं ते टळलं.’ याला ते वाईटबोल म्हणत. वाईट आधीच बोलून टाकले की दैवाच्या हाती काही उरत नाही, असा त्यांचा समज. शहाणी माणसे हो, पण शहाणपणालाही कधी कधी कीड लागते.

एकदा सुगीच्या जेवणावळीला करालक नावाचा मांत्रिक आला. राजा धूर्जटीच्या माणसांनी त्याला शेवटच्या पंगतीला बसवले, आणि तिथवर वाढप पोचलेच नाही. करालक रिकाम्या पानावरून उठला. जाता जाता त्याने एक मंत्र म्हटला, तो कोणी ऐकला नाही. मग नव्या हंगामाच्या कामांसाठी रीतीप्रमाणे राजा वेशीवर जाऊन बोलला, “यंदा या राज्यात चूल पेटणार नाही.”

“बोललं ते टळलं,” सारी पंगत म्हणाली.

आणि त्याच क्षणी साऱ्या चुली विझल्या. वेशीबाहेरून करालकाचा आवाज आला, “तुमचा अग्नी माझ्या गुहेत मण्यात कोंडला आहे. न्यायला या.”

थोरला राजपुत्र रणजय निघाला. वेशीवर तो बोलला, “आमच्यातला एकच परतेल.” एकच परतला, तोलाजी नावाचा म्हातारा शिपाई. राजपुत्र नदीत बुडाला, आणि तोलाजीचा मुलगाही त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला. राजा म्हणाला, “आपण पुरेसे वाईट बोललो नाही.” मग धाकटा राजपुत्र अरिंजय निघाला. तो बोलला, “आमच्यातला कोणीच परतणार नाही.” कोणीच परतले नाही.

आता उरली राजकन्या शर्वरी.

ती नदीकाठी भावांच्या नावाने पाणी सोडत होती, तेव्हा समोरच्या दगडावर एक टिटवी येऊन बसली. त्या मुलखात टिटवी दिसली की लोक दगड उचलत. शर्वरीने उचलला नाही. मग टिटवी बोलली.

“राजकन्ये, करालकाने मंत्र एकच टाकला. म्होरक्या जे वाईट बोलेल ते खरे होईल, एवढाच. बाकी सारे तुम्हीच केले.”

“हे आधी का नाही सांगितलेस?”

“सांगितले. दगड खाल्ले.”

“मग मी चांगले बोलले तर तेही खरे होईल?”

“नाही. चांगल्या शब्दात मंत्र नाही. तो नुसता शब्द. खरा करायचा तर तुम्हालाच करावा लागेल.” एवढे सांगून टिटवी उडाली.

शर्वरी बापाकडे गेली आणि टिटवी काय बोलली ते तिने सांगितले. राजा घोंगडीत गुरफटून बसला होता, त्याचे ओठ निळे पडले होते. तो म्हणाला, “वेशीवर असे बोल, की राजकन्याही राहणार नाही आणि राज्यही राहणार नाही. याहून वाईट काही उरलेले नाही. मग तरी टळेल.”

“बाबा, मी हे बोलणार नाही.”

“टिटवीच्या नादी लागलीस?”

“हो,” ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी ती वेशीवर उभी राहिली. लोक माना खाली घालून वाट पाहत होते. तिच्याबरोबर यायला दोघेच तयार झाले होते. एक तोलाजी, कारण घरी राहून त्याला नुसत्या भिंतींकडेच बघावे लागले असते. दुसरी भिवरा, नदीवर नाव चालवणारी दांडगी बाई. तिची लेक गारठ्याने गेली होती, आणि तिला कुणाच्या तरी नरडीला हात घालायचा होता.

शर्वरी मोठ्याने म्हणाली, “आम्ही अग्नी घेऊन येऊ. आणि तिघेही परत येऊ.”

कोणी उत्तर दिले नाही. देणार काय? असल्या शब्दाला उत्तर त्यांना ठाऊकच नव्हते. एक म्हातारी कपाळावर हात मारून रडू लागली. तोलाजी दात खाऊन म्हणाला, “ताईसाहेब, घात केलात.”

पहिले संकट नदीचे. त्या नदीच्या पाण्याला दात होते, ते नावेच्या फळ्या कुरतडत असे. मध्यावर गेल्यावर तळाशी भोक पडले आणि पाणी चढू लागले. तोलाजीने नावेची कड घट्ट धरली.

“इथेच,” तो म्हणाला. “इथेच गेले सगळे.”

“तेव्हा काय झाले ते सांगा.”

“एकच परतणार म्हणून बोललो होतो ना! पाणी आत आले तसा जो तो परतणारा एक व्हायला धावला. फळी ओढली, एकमेकांना ढकलले. पाणी उपसायला कोणी थांबले नाही.” तो पाण्याकडे बघत म्हणाला, “मीही नाही थांबलो.”

शर्वरीने त्याच्या डोक्यावरचे शिरस्त्राण काढून त्याच्याच हातात दिले. “आता उपसा. भिवराबाई, वल्ही सोडू नका. मी भोकावर बसते.”

ती पदर कोंबून भोकावर बसली. पाणी तिच्या पायांना चावत होते, आणि ती मोठमोठ्याने विचारत होती, “तोलाजी, किती उरले?” तो सांगे, “बरेच आहे.” पुन्हा ती विचारी. एकदा तो म्हणाला, “कमी झाले.” काठ लागला तेव्हा तिच्या पोटऱ्या रक्ताने माखल्या होत्या.

दुसरे संकट रानाचे. त्या रानातली झाडे मेलेल्यांच्या आवाजात बोलत. अरिंजयाची माणसे तिथेच बसली होती, म्हणजे त्यांची हाडे बसली होती, झाडांच्या बुंध्यांना कान लावून. ‘कोणीच परतणार नाही’ हे ठाऊक असल्यावर उठायचे तरी कशाला?

एका झाडातून आवाज आला, “बाबा, तुम्ही फळी घेतलीत.”

तोलाजी मटकन खाली बसला. भिवरा चिडून त्याचा दंड ओढू लागली, “उठा म्हणते ना! माझी पोर हाका मारतेय त्या झाडातून, मी बसले का?” आणि बोलता बोलता तिलाच हुंदका फुटला.

शर्वरीने कोणालाच उठवले नाही. तीही बसली. तिचे दोन भाऊ दोन बाजूंनी तिला बोलावत होते. तिघे मनसोक्त रडले. मग डोळे पुसून ती म्हणाली, “यांतले काहीच खोटे नाही. पण पुढचे काम तिघांचे आहे, ते माझ्या एकटीने होणार नाही. तोलाजी, मला तुम्ही हवे आहात.”

“मी फळी घेतली होती, ताईसाहेब.”

“आणि या खेपेला पाणी उपसलेत.”

त्या म्हाताऱ्याने बुंध्यावरून हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि उठला.

तिसरे संकट गुहेचे. गुहेच्या तोंडाशी प्रचंड शिळा टांगली होती. आत पाऊल पडताच ती खाली येऊ लागे. तोलाजीने आणि शर्वरीने खांदे लावून ती थोपवली, आणि शर्वरीने आत पाहिले. मणी जळत होता. त्याच्यापाशी करालक बसला होता, सुकलेल्या शेंगेसारखा. मंत्राचा तो धनी, वाईटबोलांवर पोसलेला. या खेपेला वेशीवरून त्याला घासच मिळाला नव्हता.

“राजकन्ये,” तो गोड बोलला, “रीत मोडू नये. तिघांत कोण मरेल, एवढे एकच नाव बोल. उरलेल्या दोघांना मणी देतो, वाट देतो.”

शिळा बोटभर खाली आली. तोलाजी कण्हत म्हणाला, “माझे नाव घ्या. मला कोण आहे मागे?”

खरे सांगतो, त्या घटकेला नाव तिच्या ओठांवर आले होते. एका म्हाताऱ्याच्या नावाने राज्याच्या चुली पेटत असतील, तर कोणता राजा ते घेणार नाही? तिने तोलाजीकडे पाहिले. घामाने निथळत तो तिच्याकडेच बघत होता, आणि ती नाव घेणार याची त्याला खात्री होती. ती खात्री तिला सहन झाली नाही.

“भिवराबाई,” ती ओरडली, “आत जा, मणी आणा! आम्ही धरतो.”

भिवरा शिळेखालून आत धावली. करालक शापांवर शाप देऊ लागला, पण म्होरक्या तो नव्हता, त्याच्या शब्दांना कोण विचारतो? शिळा मात्र खरीच होती. ती इंचाइंचाने खाली येत होती. शर्वरीच्या खांद्याचे हाड कडाडले.

“भिवरा येईल,” ती दातांवर दात दाबून म्हणाली.

तोलाजी मान खाली घालून शिळा रेटत राहिला.

“भिवरा येईल!”

“येईल,” तोलाजी म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो असे काही बोलला होता. “येईल, ताईसाहेब. धरा.”

भिवरा आली. उघड्या हातांत मणी, तळव्यांची कातडी जळून लोंबत होती, पण मूठ सुटली नव्हती. करालक तिच्या मागे सरपटत आला आणि उंबऱ्याशीच भुकेने कोसळून राख झाला. शर्वरी बाहेर पडली, तोलाजी बाहेर पडता पडता शिळा खाली आली. त्याचा एक पाय आतच राहिला.

तो पाय तिथेच तोडावा लागला. मण्याने जखम डागली. तोलाजी शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, “मला सोडा. मणी न्या.”

“तिघे परतू, असे मी वेशीवर बोलले आहे,” शर्वरी म्हणाली.

“त्या शब्दात मंत्र नाही, ताईसाहेब.”

“म्हणूनच तुम्हाला उचलावे लागते आहे.”

एकीचा खांदा मोडलेला, दुसरीचे हात जळालेले. तशा स्थितीत त्यांनी त्याला रानातून ओढत नेले, नावेचे भोक बुजवून नदीपार केले. वाटेत भिवराने त्याला इतक्या शिव्या घातल्या की त्याला मरायला सवडच झाली नाही.

चुली पेटल्या. पहिली चूल तोलाजीच्या घरी पेटली. तिथे जेवायला तो एकटाच होता, म्हणून साऱ्या आळीने तिथे भाकऱ्या भाजल्या. राजा धूर्जटीने शेकायला हात पुढे केले आणि दोन्ही मुलांची नावे घेऊन तो ढसढसा रडला. अग्नी आला म्हणून गेलेले काही परत आले नाहीत. टिटवी छपरावर येऊन बसली, तेव्हा दगड कोणी उचलला नाही.

पुढे शर्वरी गादीवर बसली. दात असलेल्या त्या नदीवर पूल बांधायचे ठरले. जुन्या सवयीने लोक वेशीवर जमले आणि माना खाली घालून उभे राहिले. शर्वरीचा एक खांदा कायमचा खाली गेला होता. ती पुढे आली.

“काम अवघड आहे,” ती म्हणाली. “पूल होईल.”

उत्तर अजून कोणालाच ठाऊक नव्हते. मागच्या रांगेत कुबडीचा आवाज झाला. एक पाय नसलेला म्हातारा गर्दीतून वाट काढत पुढे आला, आणि त्याने मान वर केली.

“करू,” तोलाजी म्हणाला.

त्या राज्यात आजही कामाला निघताना हेच उत्तर देतात.