तळमजल्याचा पाइप

सोसायटीचा सांडपाण्याचा उभा पाइप तळमजल्यापाशी तुंबला. चौथ्या मजल्यावरच्या चेअरमन घैसासांनी मिशीला पीळ देत मीटिंगमध्ये ठराव मांडला, "ज्याच्या भिंतीवरचा पाइप, त्यानंच तो निस्तरायचा!" वरच्या मजल्यांचे हात पटापट वर गेले.

तळमजल्यावरच्या इंदुताई पोतनिसांच्या डोक्यात तिडीक गेली, पण त्या गोड हसल्या. "मंजूर! म्हणजे आमच्या भिंतीवरचा पाइप आमचा. पण आमचं सांडपाणी तर थेट अंगणातल्या चेंबरमध्ये जातं. वरच्यांची घाण वाहणारा हा पाइप आम्हाला काय चाटायचाय? उद्याच कापून वरच्या तोंडाला बूच मारते. तुमचं तुमच्यापाशीच ठेवा, चेअरमनसाहेब!"

ठराव मागे घ्यायला पहिला हात घैसासांचाच वर गेला. दुसऱ्या हातानं त्यांनी आत्तापासूनच नाक धरलं होतं.