झगमगी आणि गोदाक्का

फार जुनी नव्हे, तीन मॉडेलांपूर्वीची गोष्ट. गेमसाठी एक कॉम्प्युटर जुळवायला घेतला होता. त्याच्या मदरबोर्डवर गोदाक्का नावाची रॅमची जुनी, संथ पट्टी बसलेली होती. शेजारची जागा रिकामी होती. तिथे झगमगी आली. ती नवीकोरी, दुप्पट वेगाची, आणि तिला आपल्या पळण्याचा भारी तोरा.

मदरबोर्डमावशी म्हणाल्या, “अगं, उद्या गोदाक्का निवृत्त होतेय. तुझ्याच वेगाची जोडीदारीण यायची आहे. तोवर थांब.”

“कोण थांबतंय, मावशी! ही जागा कॉम्प्युटरच्या पेटीच्या काचेच्या बाजूला आहे. माझे सात रंगांचे दिवे लोकांना दिसायला नकोत?” असं म्हणत झगमगी खटकन बसली.

बटण दाबलं गेलं. झगमगी पळायला निघाली, पण पाऊल उचलेना.

“मावशी, मला कुणी धरलंय?”

“कुणी नाही. माझ्याकडे दोघींना एकच चाल, आणि ती हळू चालणारीची.”

“मग उद्यापर्यंत सोसते.”

तेवढ्यात मालकाने काचेला नाक लावलं. “वा, काय दिवे आहेत! एवढं पुरे झालं,” म्हणत त्याने उद्याची पट्टी रद्द केली.

मुदतवाढ मिळालेली गोदाक्का मायेने म्हणाली, “चल गं पोरी. तू चमकत राहा, चालायचं कसं ते मी शिकवते.”