धायटीचं आवतण

खूप जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर मुद्दाम ऐकावी.

एका डोंगरावर दोन बहिणी राहत. आईबाप लवकर गेले, म्हणून थोरलीनेच धाकटीला वाढवलं. पुढे धाकटीचं लग्न झालं आणि ती डोंगराखालच्या गावात नांदायला गेली.

त्या मुलखाची एक रीत होती. सासरी जाणारी मुलगी माहेरच्या डोंगरावरचं धायटीचं रोप नेऊन अंगणात लावी. ते पहिल्यांदा फुललं, की ती माहेरच्या माणसांना आवतण धाडी. तोवर माहेरचं कुणी तिच्या दारात पाऊल टाकत नसे आणि तीही माहेरी जात नसे.

धाकटीने रोप लावलं. पण थोड्याच काळात तिचा नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. ती एकटीपुरती भाकरी थापायची आणि दाराकडे तोंड करून जेवायची. आता तिचा सगळा जीव त्या रोपात अडकला. धायटी फुलली, की ताई येईल.

धायटी म्हणजे रानातलं झुडूप. हिवाळा सरताना तिची पानं झडतात, फांद्या वेड्यावाकड्या पसरतात, आणि त्याच जुन्या फांद्यांवर लालचुटूक फुलं लगडतात. आमची धाकटी मात्र पडली भारी टापटिपीची! पानं झडली, की झुडपाचा तो अवतार तिला बघवत नसे. कोयता घेऊन ती सगळ्या फांद्या छाटायची आणि झुडूप कसं गोल गरगरीत करून टाकायची.

एकदा ती छाटत असताना कुंपणावर एक शिंजीर येऊन बसला. पक्षी अंगठ्याएवढा, पण जीभ तिखट.

"बाई, कळ्या येणाऱ्या फांद्याच छाटतेस की! डोंगरावर हिला कोण छाटतं?"

"डोंगरावर पाहुणे येत नाहीत," धाकटी म्हणाली. "माझ्या ताईने असलं झिपरं झुडूप बघायचं? काय म्हणेल ती?"

"आधी तिला येऊ तर दे!" शिंजीर म्हणाला, आणि मध न मिळताच उडून गेला.

धाकटीने ऐकलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली. झुडूप देखणं दिसे, पण त्यावर फूल म्हणून नाही. संध्याकाळी ती त्याच्याशीच बोलत बसे. ते बिचारं काय उत्तर देणार? सांगतानाही वाईट वाटतं, पण हळूहळू तिचे केस पिकले.

मग एका हिवाळ्यात ती पडली आणि तिचा हात मोडला. कोयता काही उचलवेना. झुडूप वाटेल तसं पसरलं, आणि थंडी ओसरू लागली तशी फांदीन् फांदी लाल झाली. धाकटी हसली, रडली, आणि डोंगरावर जाणाऱ्या मीठ विकणाऱ्याबरोबर तिने आवतण धाडलं.

तोच मीठवाला थोरलीला हाताला धरून घेऊन आला.

"ताई, बघ गं, कशी फुललीय!"

थोरली झुडपाकडे वळलीच नाही. तिने हात पुढे केला आणि धाकटीचं कपाळ, गाल, हनुवटी चाचपून पाहिली.

"माझे डोळे गेले गं," ती म्हणाली. "दिसत होतं तोवर हिवाळा सरला, की वाटेवर येऊन बसायचे. मग वाटलं, मीच तुला नकोशी झाले असेन."

"नाही गं ताई! झुडूप तुला नीटनेटकं दिसावं, म्हणून मी..."

"जाऊ दे. मला एवढंच सांग, तू आता दिसतेस कशी?"

धाकटी ताईच्या कुशीत शिरून नुसती रडत राहिली.

म्हणून सांगतो, आपल्या माणसाला बोलवायचं असेल, तर अंगण सजवत बसू नये.