लेकीच्या दारातली झोळी

"पण बुवा, माझं चुकलं कुठं? लेकीचा डबा मी एकदाही रिकामा परत पाठवला नाही."

त्र्यंबकपंतांनी पुन्हा तेच विचारलं.

रामगिरबुवा घाटाच्या पायरीवर बसून सुजलेल्या पावलाला एरंडाचं पान बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय घालून पाठवता?"

"बदाम. कधी काजू. एकदा केशर पाठवलं होतं."

"आणि लेक काय पाठवते?"

"घरचंच असतं. शंकरपाळे, खोबऱ्याच्या वड्या, सांजोऱ्या. चहाघरातल्या बरण्यांसाठी करते, त्यातलं दर शनिवारी माझ्याकडे येतं."

पंत थांबले.

"म्हणजे... यायचं."

त्र्यंबकपंत जन्मभर तर्कशास्त्र शिकवत आले होते. पत्नी गेल्यावर ते या गावात आले, कारण हेमा, त्यांची एकुलती एक लेक, इथंच होती. स्टँडासमोर तिचं आणि जावई यशवंतचं चहाघर होतं. वर राहायला जागा होती. हेमानं किती विनवलं, तरी पंतांनी पलीकडच्या आळीत दोन खोल्या घेतल्या. सकाळी ते घाटावर येत आणि बुवांजवळ बसत. मी बुवांचा शिष्य, असं ते लोकांना सांगत. बुवांनी मात्र तसं कधी म्हटलं नव्हतं.

"डबा का थांबला?" बुवांनी विचारलं.

"तेच तर कळत नाही. काल मीच विषय काढला. म्हणाली, 'बाबा, राहू दे आता डब्याचं.' एवढंच. हसून म्हणाली. पण मला रात्रभर झोप नाही. तिची तब्येत बरी नसेल का? की जावयांना आवडत नसेल? की मी पाठवत होतो ते बदाम खवट निघाले?"

"डबा परत कधी जायचा?"

"त्याच संध्याकाळी. उशीर केला तर बरं दिसत नाही."

"कुणाला?"

घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"आमच्या घराण्यात एक रीत होती," पंत म्हणाले. "लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझे वडील आत्याकडे निघाले की फिरकीचा तांब्या भरून बरोबर घेत. आत्या दारात पाण्याचं भांडं धरून उभी, आणि हे आपले तांब्याची फिरकी उघडतायत... मी लहानपणी पाहिलंय."

"आत्या काय करायची?"

"भांडं घेऊन आत जायची."

"तुम्ही मानता ही रीत?"

"छे! मी कशाला मानू? त्याला ना आधार, ना अर्थ." पंतांनी उपरण्यानं चष्मा पुसला. "पण लेकीचं खाल्लं आणि काही दिलं नाही, तर घास खाली उतरत नाही. डब्यात बदाम घातले की मग जरा... बरं वाटतं."

बुवांनी पानावर चिंधीची गाठ मारली.

पंतांना राहवलं नाही. "राग मानू नका, बुवा. पण तुम्ही रोज पाच घरची भिक्षा घेता. माझ्या लेकीचं घरही त्यात आहे. तुम्ही त्यांना परत काय देता?"

"काही नाही."

"संकोच नाही वाटत?"

"आधी वाटायचा. आता भूक लागते."

बुवांनी बाजूला पडलेली भगवी झोळी उचलली आणि पंतांच्या मांडीवर ठेवली.

"आज पाय उचलत नाही. माझी भिक्षा तुम्ही आणा."

"मी?"

"शिष्य म्हणवता ना? गुरूची भिक्षा शिष्यानं आणायची असते."

"आणतो की. कुठून आणू?"

"पाच घरं तुम्हाला झेपायची नाहीत. एकच करा. चहाघर."

पंतांचा चेहरा उतरला. "बुवा... ती माझी लेक आहे."

"मला रोज वाढते. तिला सवय आहे."

"गावातले लोक असतात हो तिथं. बस लागायची वेळ आहे. तुम्ही थट्टा करताय का?"

बुवा थट्टा करत नव्हते.

"उंबऱ्याबाहेर उभं राहायचं," ते म्हणाले. "हाक द्यायची. वाढलं तर घ्यायचं, नाही वाढलं तर परत यायचं. दुसरा शब्द बोलायचा नाही."

"आभारसुद्धा मानायचे नाहीत?"

"ते तर नाहीच. आणि झोळी दोन्ही हातांनी उघडी धरायची. एक हात सोडला की ती मिटते."

पंत उठले. झोळी कशी धरतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. अर्ध्या वाटेपर्यंत त्यांनी ती घडी करून उपरण्याखाली लपवली होती.

चहाघर भरलेलं होतं. यशवंत स्टोव्हपाशी उभा राहून चहा गाळत होता. दाराजवळच्या बाकावर साळोखे कंडक्टर बशीत चहा ओतून घेत होते. आतून तव्यावरच्या तुपाचा वास येत होता.

पंतांनी झोळी बाहेर काढली, दोन्ही हातांत धरली आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

हाक काही फुटेना.

"काय प्राध्यापक," साळोखे म्हणाले, "पेन्शन अडकली वाटतं?"

बाकावरचे सगळे हसले. यशवंतनं वळून पाहिलं आणि त्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"मामा? अहो, हे काय? आत या ना. ऊन लागतंय."

पंतांनी नकारार्थी मान हलवली. डोळे मिटले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज आज ओठांतच चिरकला.

"ॐ भवति... भिक्षां देहि."

"आले, बुवा!" आतून हेमाचं उत्तर आलं. "आज लवकर केलंत! भाकरी आत्ताच उतरवली बघा..."

ती ताटलीत भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन दारात आली. आणि थबकली.

"बाबा?"

पंत झोळीकडे बघत होते.

"बुवा कुठं आहेत? बरे आहेत ना?"

पंतांनी मान हलवली. मग आपल्याच पावलाकडे बोट दाखवायला हात सोडला, तशी झोळी मिटू लागली. त्यांनी घाईनं ती पुन्हा धरली.

"पाय दुखतोय होय त्यांचा? म्हणून तुम्ही..." हेमाला हसावं की रडावं कळेना. "अहो, मला निरोप धाडला असता, तर मीच घाटावर नेऊन दिलं असतं. आणि बोलत का नाही तुम्ही?"

"भिक्षेकऱ्यानं बोलायचं नसतं, वहिनी," साळोखे म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

हेमानं भाकरी झोळीत ठेवली. तिच्यावर भाजी घातली.

पंतांचा उजवा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. झोळी तिरकी झाली. भाकरी कडेला घसरली.

"हात काढू नका, बाबा."

हात परत आला.

"दर शनिवारी तसंच होतं," हेमा म्हणाली. तिनं आवाज खाली आणला होता, पण चहाघर एकदम शांत झालं होतं. "मी सांजोऱ्या पाठवते. आईसारख्या होत नाहीत, ते मला माहितेय. म्हणून जीव ओतून करते. वाटतं, बाबा खातील आणि सांगतील, हेमा, बरी झालीय... नाहीतर सांगतील, बिघडलीय. काहीही सांगा. तर दिवे लागायच्या आत डबा दारात, आणि डब्यात बदाम."

पंतांनी तोंड उघडलं. बुवांचा चेहरा आठवला. तोंड मिटलं.

"शेजारी करतात तसं, बाबा. मी काय तुमची शेजारीण आहे का?"

साळोखे बशीतल्या चहाकडे बघत बसले. यशवंतनं स्टोव्ह बारीक केला.

हेमा डोळे पुसत आत गेली.

रीतीप्रमाणे भिक्षा संपली होती. पंतांनी आता निघायला हवं होतं. गल्लीच्या टोकाला बसचा हॉर्न वाजला. बाकावरचे दोघे उठले आणि त्यांना वळसा घालून गेले. पंत झोळी उघडी धरून उभेच होते.

"अगं," यशवंत आत तोंड करून हळूच म्हणाला, "मामा अजून उभे आहेत."

आतून उलथन्याचा आवाज आला.

हेमा बाहेर आली, ती हाताला चटका लागू नये म्हणून पदरात सांजोरी धरून. तिनं ती केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून झोळीत सोडली.

"सांजा आज सैल झालाय," ती म्हणाली. "रव्याला पाणी जास्त पडलं."

पंत हलले नाहीत. झोळी मिटली नाही.

"आणखी?"

पंतांचे हात थोडे पुढं आले.

हेमाला हसू फुटलं. रडताना हसू आलं की नाक गळतं, तसं तिचं झालं. "एवढी भूक लागली होती तर इतके दिवस बदाम कसले पाठवत होता?"

ती आत गेली आणि दुसरी घेऊन आली.

"शनिवारी डबा पाठवीन," झोळीवर वाकून ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. रिकामा परत आला पाहिजे. नुसता विसळून."

पंतांनी मान डोलावली. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. तो सावरायला हात मोकळा नव्हता. हेमानं बोटानं तो वर सारला.

पंत घाटावर परतले तेव्हा बुवा तिथंच पायरीवर बसले होते. पंतांनी झोळी त्यांच्यासमोर धरली. बुवांनी ती घेतली, पायरीचा आधार घेत उठले आणि लंगडत पाण्याकडे निघाले.

त्यांचा तो रोजचा नेम होता. मिळालेली भिक्षा झोळीसकट नदीत बुडवायची आणि मग खायची. जिभेला गोडी लागू नये म्हणून. पंतांनी हे अनेकदा पाहिलं होतं. त्यावर त्यांनी गावात एक व्याख्यानही दिलं होतं.

"बुवा!"

बुवा थांबले.

"त्यात सांजोऱ्या आहेत. पाण्यात घालू नका."

"रोज घालतो."

"तिच्या हातचं असलं तरी?"

"तिच्या हातचंच असतं की रोज."

"पण चव जाईल हो त्याची!"

बुवांनी वळून पाहिलं. पाणी त्यांच्या घोट्याला लागत होतं.

"चव कुणाला हवीय?"

वैराग्यावर पंतांजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यातलं काही आठवेना.

"मला," ते म्हणाले.

बुवा परत आले. झोळीतून केळीचं पान काढून त्यांनी ते दोन सांजोऱ्यांसकट पंतांच्या ओंजळीत ठेवलं.

"आणि तुम्हाला?"

"मला भाकरी आहे."

बुवांनी झोळी पाण्यात बुडवली, वर काढली, निथळू दिली. मग पायरीवर बसून ते ओली भाकरी मोडून खाऊ लागले.

पंत त्यांच्याशेजारी बसले. सांजोरी अजून कोमट होती. त्यांनी घास घेतला. सांजा खरंच सैल होता. गूळ दाताला चिकटत होता. हेमाच्या आईच्या सांजोरीत जायफळ असायचं. हिच्यात सुंठ होती. तिखट, भरपूर सुंठ. ती कुणासारखीच झाली नव्हती.

पंतांनी दुसरा घास घेतला. त्यांच्या हनुवटीवर तूप ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही.

नदीवर ऊन पसरत होतं...

एकाएकी ते धडपडत उठले. तोंड भरलेलं होतं.

"बुवा, मी जातो. तिला सांगायला हवं. फार... अहो, फार सुरेख झालीय. आत्ताच सांगतो. आणि जाताना वाटेत तिच्यासाठी काहीतरी..."

बुवांनी आपला घास सावकाश गिळला.

"बसा, पंत," ते म्हणाले. "तोंडात घास असताना बोलू नये."